मास्तराच्या माघारी

संतराम मास्तर थकलेले होते, ही बोरदऱ्याच्या वस्तीत काही बातमी नव्हती. त्यांना न थकलेलं पाहिलेलं माणूस शोधायचं तर एकटा त्यांचा बालपणीचा सोबती दगडोबा सापडला असता, आणि त्यालाही ते धड आठवत नव्हतं. मास्तर सकाळी उठायचे तेच दमून. सखुबाई, त्यांची बायको, चहाची बशी पुढं सरकवत म्हणायची, "रातभर काय नांगर हाकत व्हते का काय?" मास्तर काही बोलायचे नाहीत. बोलायलाही ताकद लागते.

शाळा कुठली आणि मास्तर कसले! मिशनच्या चांगल्या दिवसांत वस्तीवरच्या चार पोरांना त्यांनी पाटी धरायला शिकवली होती, तेवढ्यावर हे नाव चिकटलं. खरं काम प्रचारकाचं. वस्तीवर ख्रिस्ती घरं थोडी, पत्र्याचं एक छोटं प्रार्थनामंदिर, आणि त्या सगळ्या मंडळीला सांभाळणारा हा एक माणूस. पुढं मिशनचा पगार बंद झाला. काम मात्र बंद झालं नाही. मास्तर जवळा बाजारच्या आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसू लागले, फाटके सदरे आणि परकर शिवू लागले, आणि उरलेल्या वेळात मंडळीचं बघू लागले. उरलेला वेळ म्हणजे काय, तर झोपेतला.

बघायचं म्हणजे सगळंच. रविवारी झाडून घ्यायचं मास्तरांनी, सतरंज्या टाकायच्या मास्तरांनी, माठ भरायचा मास्तरांनी. गाण्याचा सूर धरायचा, बायबलातलं शास्त्र वाचायचं, उपदेश करायचा, आणि सगळे "सलाम मास्तर" करून घरी गेले की सतरंज्या झटकून ठेवायच्या, तेही मास्तरांनीच. कुणाचं लेकरू आजारी पडलं की दवाखान्यात मास्तर. कुणाला फौजदारानं बसवून ठेवलं की ठाण्यात मास्तर. नवरा-बायकोची भांडी वाजली की मधे पडायला मास्तर. मधे पडून दोन्हीकडून शिव्या खायलाही तेच.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण एका गोष्टीनं त्यांच्या जिवाला घोर लावला होता, आणि ती गोष्ट म्हणजे माती. माणूस गेलं की मातीवर प्रार्थना म्हणायची ती संतराम मास्तरांनी. दुसऱ्या कुणी म्हणू नये असा काही देवाचा कायदा नव्हता. हिंगोलीच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः सांगून गेले होते की विश्वासातलं कोणतंही माणूस म्हणू शकतं. पण वस्तीनं मनाशी धरून टाकलं होतं की ते शब्द मास्तरांच्याच तोंडून लागू पडतात. आणि खरं सांगायचं तर, तसं धरायला लावलं होतं मास्तरांनीच. एकदा तरुणपणी कुणीतरी पुढं होऊन चार शब्द बोलायला लागला तर त्यांनी त्याला हातानं मागं सारलं होतं. लोक असलं विसरत नसतात.

त्यात वस्तीची रीत अशी, की दसरा झाला की गाव रिकामं. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या, कोंबड्या घालून मंडळी पश्चिमेकडं ऊसतोडीला निघायची ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायची. नाताळ तिकडं उसाच्या फडात, गुड फ्रायडे तिकडं. मागं राहायची म्हातारीकोतारी आणि मास्तर. पन्नाशी उलटलेली, छातीत धाप, आणि डोक्यात एकच विचार. एकदा जेवता जेवता ते बायकोला म्हणाले, "मी गेलो तर माझ्या मातीवर कोण बोलंल गं?"

"तुमीच उठून बोलताल," सखुबाई म्हणाली. "दुसऱ्याला कुठं बोलू देता!"

मास्तर हसले, पण ताट तसंच सरकवून उठले. ही मंडळी आपल्या मागं उभी राहणार की आपल्याबरोबरच पुरली जाणार, एवढंच त्यांना कळायचं होतं. आणि ते कळेपर्यंत त्यांना आडवं पडायची सोय नव्हती.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, सगळी कामं परभणीला. तिथं एका उन्हाळ्यात पाळक-प्रचारकांचं शिबिर भरलं. शिकवायला आल्या होत्या पद्माबाई. सोलापूरकडं विडी वळणाऱ्या बायांचं संघटन करता करता केस पांढरे झालेली ही बाई. आता त्या तीच रीत मंडळ्यांना शिकवत फिरत होत्या. मास्तर मागच्या भिंतीला टेकून बसले, पंख्याखाली. झोप लागावी एवढीच अपेक्षा.

पण बाई झोपू देईनात. म्हणाल्या, घरोघर जा, पण हातात शास्त्र घेऊन नको आणि वर्गणी मागायला नको. एका वेळी एका माणसापुढं बसा आणि त्याला विचारा, तुझ्या मनाला काय खुपतंय. मग गप्प बसा. सल्ला देऊ नका, लगेच प्रार्थना करून मोकळे होऊ नका. कुणाच्या पोटात राग आहे ते बघा, कारण काम रागातून उभं राहतं. वस्तीत लोक कुणाचं ऐकतात ते हेरा. आणि मंडळीला जे करता येतं ते तिच्यासाठी कधीही करू नका, मेलात तरी करू नका.

मास्तरांनी हात वर केला. "बाई, आमच्याकडं लोक काईच करत न्हाईत."

"तुम्ही करून ठेवता म्हणून," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

बाप रे, काय राग आला मास्तरांना! परभणीहून येईपर्यंत एसटीत ते खिडकीकडं तोंड करून धुमसत होते. हिला काय ठाऊक आमची तकलीफ? एक दिवस ये म्हणावं बोरदऱ्याला. औंढ्याला गाडी बदलेपर्यंत राग थोडा निवला, आणि घरी पोचल्यावर सखुबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शहाणी दिसती बाई."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर घरोघर निघाले. पहिल्या घरी जाऊन बसले, हातात काही नाही, बोलणं काही नाही. घरधनी घाबरला. "कोण गेलं, मास्तर?"

"कोणीच न्हाई गेलं."

"मग वर्गणी हाय काय?"

"न्हाई रे बापा. सहज आलो."

सहज! मास्तर सहज कधी कुणाकडं आले होते? बायको आतून कान देऊन, पोरं दारात. मास्तरांनी विचारलं, मनाला काय खुपतंय, आणि तो माणूस म्हणाला, काही नाही, सगळं बराबर आहे, देवाची दया. दोन घरं, चार घरं, सगळीकडं हेच. गप्प बसणं हे किती दमवणारं काम आहे ते मास्तरांना तेव्हा कळलं. जीभ आपसूक वळवळायची. तिसऱ्या घरी तर न राहवून त्यांनी उपदेश देऊन टाकला, आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं.

मग ते मनकर्णाच्या दारात गेले. जिवावर येऊन गेले, हे सांगायला हवं. बालाजीची ही बायको तोंडाची फटकळ. दोन वर्षं मंदिराची पायरी चढली नव्हती. रस्त्यात मास्तर दिसले तर पदर ओढून दुसरीकडं बघायची. ती दारात बसून तूर निवडत होती. बसा म्हणाली नाही. मास्तर आपणहून उंबऱ्याखाली बसले.

"तुला काय खुपतंय, मनकर्णा?"

तिनं सुपातलं डोकं वर केलं नाही. बराच वेळ खडे वेचत राहिली. मास्तरांनी दात आवळून तोंड बंद ठेवलं. मनकर्णा मुद्दाम परीक्षा घेतेय असं त्यांना वाटलं. मग ती बोलायला लागली, आणि तिनं आवाज जराही चढवला नाही.

"माझी पोरगी फडात गेली मास्तर. तापानं. अजून बसायबी लागली नव्हती. बालाजीनं बांधाच्या कडंला खड्डा खांदला. आपली सगळी टोळी व्हती उभी, आपल्याच मंडळीची. ट्रकात बसलं की गाणे म्हणतेत, पार घसा बसस्तोवर म्हणतेत. अन् त्या दिशी एकाचंबी तोंड उघडलं न्हाई. माझ्याकडं बगून राहिले, एकमेकाकडं बगून राहिले. मास्तर न्हाईत, म्हणे. मास्तर न्हाईत म्हून माझं लेकरू कुत्र्यामांजरावानी पुरलं. तवापासून मला त्यायचा राग हाय. अन् तुमचाबी हाय."

"माझा काहून?" मास्तरांनी विचारलं.

"तुमी कोणाला शिकवलं न्हाई म्हून."

प्रार्थना करू या असं म्हणायला मास्तरांचे ओठ हलले, ते त्यांनी मिटले. सूप हातात घेतलं आणि तिच्याबरोबर खडे वेचू लागले. आपण वस्तीसाठी हाडं झिजवली असं जे वाटत आलं होतं, ते एका बाईनं तूर निवडता निवडता सपाट केलं होतं. वाईट याचं वाटलं की ती खोटं बोलत नव्हती.

पंधरवडाभरानं ते पुन्हा गेले आणि म्हणाले, "शिकवतो."

मनकर्णाला अक्षर येत नव्हतं. कानानं शिकली. भाकरी थापता थापता म्हणायची, शेळीला पाला टाकता टाकता म्हणायची. डोकं तल्लख, पण हट्टी. मास्तरांचे पुस्तकी शब्द बाजूला सारून स्वतःचे घालायची. "हे असं न्हाई गं," मास्तर म्हणत. "व्हय, पण हे मला कळतंय," ती म्हणे. तिनंच सांगितलं की एकटीला शिकवून उपयोग नाही, दर टोळीत निदान दोघं पाहिजेत. तिनंच बाया गोळा केल्या. मास्तर हाका मारून दमत तिथं तिनं नुसता डोळा मोडला की बाया जमायच्या. रूपाबाई नावाची एक पोक्त विधवा, जी मंदिरात कधी तोंड उघडत नसे, ती मनकर्णाच्या अंगणात सगळ्यांच्या वरताण बोलायची. मास्तर बघत राहिले. एवढी वर्षं ह्या बाया आपल्यासमोर मुक्या बसत होत्या तरी काहून?

दसऱ्याच्या आधी त्या अंगणात ठरलं की औंदा नाताळ फडातच करायचा, प्रत्येक टोळीनं आपापला, मनकर्णाच्या टोळीत मनकर्णा म्हणेल. आणि मग तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "मास्तर, तुमी यिऊ नका."

"न्हाई यीत," मास्तर म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. ट्रक गेले, वस्ती ओस पडली, आणि पहिल्यांदाच हिवाळ्यात मास्तरांना थोडी झोप लागू लागली.

इथंच थांबले असते तर! पण नाताळ जवळ आला आणि मास्तरांचे पाय खाजू लागले. तिला जमेल का? मधेच विसरली तर? लोक हसले तर? इतर गावच्या टोळ्या बघायला जमतील, त्यांच्यापुढं मंडळीची अब्रू गेली तर? दगडोबा, त्यांचा लंगोटीयार, ऐकून म्हणाला, "गेली तर जाऊ दे. तू गप बस." सखुबाईनं तर पिशवीच लपवून ठेवली. मास्तरांनी गोणपाटाच्या थैलीत धोतर कोंबलं आणि गेले. गाड्या बदलत, उभ्यानं, दम खात. नुसतं लांबून बघायचं, असं मनाशी ठरवून.

कारखान्याच्या मागं पाचटाच्या कोप्यांची, ऊसतोड्यांच्या झोपड्यांची, रांग. नाताळची सकाळ. कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत मंडळी बसलेली, आजूबाजूला इतर टोळ्यांचे लोक कुतूहलानं उभे, आणि सगळ्यांपुढं मनकर्णा, डोक्यावर पदर, हात पोटाशी धरलेले. तिचा आवाज थरथरत होता, पण ती बोलत होती. चांगलं बोलत होती. आणि तेवढ्यात कुणीतरी मागं वळून पाहिलं.

"मास्तर आले! अरे, मास्तर आले!"

झालं. सगळी मंडळी उठून उभी राहिली. कुणी पाणी आणलं, कुणी बाज आणली. पोरं पायाशी आली. मनकर्णा वाक्याच्या मधे थांबली. मास्तरांनी तिथंच खाली मातीत बसायला हवं होतं. हात करून तिला म्हणायला हवं होतं, चालू दे. तेवढंच. पण सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांनी घसा खाकरला. मग तोंड आपोआप चालू झालं. बोलले, आणि फार सुरेख बोलले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. परमुलखात आपला मास्तर आला याचा सगळ्यांना इतका आनंद झाला की मनकर्णा कधी खाली बसली ते कुणी पाहिलंही नाही.

दुपारी ती राखेनं भांडी घासत होती तिथं मास्तर गेले. "चांगलं म्हणत होतीस," ते म्हणाले.

"व्हय."

"मी आपलं सहज..."

तिनं तवा आपटला. "मास्तर, तुमाला थकायची सवय लागली हाय. लोक म्हणतेत, बिचारे मास्तर किती करतेत. ते ऐकल्याबिगर तुमाला अन्न ग्वाड लागत न्हाई. आमाला आलं तर तुमाला कोण इचारंल, याची धास्ती हाय तुमाला. जा तुमी घरी."

कुणी इतकं तोंडावर बोललं नव्हतं. परतीच्या गाडीत मास्तरांना वाटलं, आपण रागवायला हवं. पण राग येईना. नुसती लाज वाटत होती, आणि हाडांपर्यंत शीण.

त्या एका नाताळची किंमत मंडळीनं वर्षानुवर्षं मोजली. त्याच मोसमात टोळीतली एक म्हातारी गेली. मनकर्णा पुढं झाली, तर लोकच म्हणाले, थांब, मास्तर नाताळाला आले तसे आताबी येतेल. निरोप धाडला, आणि मास्तर पोचेपर्यंत म्हातारीला दुसऱ्या दिवसापर्यंत कोपीत ठेवलं. मास्तर धापा टाकत गेले, त्यांनी माती केली, आणि मनकर्णाकडं त्यांना मान वर करून बघवलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा घरोघर. मनकर्णानं त्यांना माफ केलं का, ते तिनं कधी सांगितलं नाही, पण अंगणातून हाकललंही नाही. मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला, ऑफिसांच्या पाट्या बदलल्या, मास्तरांच्या मशीनचा पाय बदलला. रविवारी ते आता मागच्या सतरंजीवर दगडोबाजवळ बसायचे. पुढं कधी रूपाबाई, कधी बालाजी, कधी मनकर्णा. वाचणारा अडखळायचा, गाण्याचा सूर भलतीकडं जायचा, आणि मास्तरांचं अंग कसं तडफडायचं म्हणता! दगडोबा शेजारून त्यांच्या मांडीला चिमटा काढायचा. "बस खाली," असं पुटपुटायचा. एवढ्या वर्षांत त्यानं मास्तरांची मांडी निळी केली, पण मंडळीच्या सतरंज्या आता मंडळीच झटकत होती. दवाखान्यात बालाजी जात होता. ठाण्यात एकदा बायाच गेल्या, सगळ्या मिळून, आणि फौजदारानं बसवून ठेवलेल्या वस्तीवरच्या पोराला चहा पाजून सोडलं.

माती मात्र हलेना. फडात कधीमधी मनकर्णा म्हणायची. पण वस्तीवर कुणी गेलं की सगळे पुन्हा मुके. मरणात चूक नको, म्हणायचे. मास्तर हायेत ना, म्हणायचे. मनकर्णासुद्धा त्या वेळी मागं सरायची. तिचं म्हणणं वेगळं होतं. "तुमी समोर असले की माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई," ती एकदा म्हणाली. मास्तरांना मरायलाही येत नव्हतं आणि निजायलाही.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा जाईना. सखुबाईच्या भावाचं घर हिंगोलीत, तिथं राहून ऑपरेशन करायचं ठरलं. दसरा होऊन गेला होता, वस्ती रिकामी. मनकर्णाचे गुडघे फडानं खाऊन टाकलेले, त्यामुळं ती आता मागंच राहायची, शेळ्या राखत. निघताना मास्तरांनी तिला मेव्हण्याच्या घरचा फोन नंबर तोंडपाठ करायला लावला. किराणा दुकानात फोनचं डबडं होतंच, रुपया टाकला की लागायचं. "काई झालं तर लगेच लाव," मास्तर म्हणाले. "आधी डोळे बगा," मनकर्णा म्हणाली.

दगडोबा फाट्यापर्यंत सोडायला आला. त्याला तेव्हा खोकला होता. एसटीत चढताना मास्तर त्याला म्हणाले, "रानात जात नको बसू या थंडीत." तो म्हणाला, "तू तुझं बघ, आंधळ्या."

आठवडा झाल्यावर डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन सोडलं. वाकायचं नाही, धूर नको, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. भर दुपारी दोघं फाट्यावर उतरले आणि सखुबाईचा हात धरून मास्तर पाऊलवाटेनं वस्तीकडं निघाले. वाट मंडळीच्या दफनभूमीजवळून जाते. सखुबाई एकदम थांबली. "अवं," ती म्हणाली, "ही माती ताजी दिसती."

पलीकडं हापशावर बाया हातपाय धूत होत्या. रूपाबाई, मनकर्णा, दोन-तीन म्हाताऱ्या. चिखलानं भरलेले पाय, खोचलेले पदर. बाजूला एक बाज उलटी टेकवलेली. ती बाज मास्तरांनी चष्म्यातूनही ओळखली. लहानपणापासून ते तिच्यावर बसत आले होते.

"दगडोबा?"

"काल दुपारी गेले," रूपाबाई म्हणाली. "बोलता बोलता. तकलीफ न्हाई झाली."

"अन् आणलं कोणी? गडी कुठं हाय वस्तीत?"

"आमी आणलं."

बाया मातीला गेल्या तरी मागंच उभ्या राहायच्या, खांदा देणं तर लांबच. ह्या वस्तीत ते कधी झालं नव्हतं. बायांनी बाजेला खांदा दिला होता, खड्डाही आळीपाळीनं त्यांनीच खोदला होता. मास्तरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की दगडोबा मातीत गेला आणि आपण तिथं नव्हतो.

"बोललं कोण?"

"मी सुरू केलं," मनकर्णा म्हणाली. "अर्ध्यात इसरले. मग रूपाबाईनं धरलं. मग सगळ्यांनीच म्हटलं, जसं आलं तसं."

"अन् मला?" मास्तर ओरडले. त्यांना ओरडताना वस्तीनं कधी ऐकलं नव्हतं. सखुबाईनं दंड धरला तो त्यांनी झटकला. "हिंगोली काय दुनियेच्या पल्याड हाय? नंबर दिलता ना मी? तासाभरात आलो असतो! माझा जन्माचा सोबती होता तो! मला काहून न्हाई बलावलं?"

मनकर्णानं हात पदराला पुसले. लंगडत दोन पावलं पुढं आली. तिचे डोळे रडून सुजले होते, ते मास्तरांना आत्ता दिसलं.

"बलावलं असतं," ती म्हणाली, "तर तुमी आले असते मास्तर."

मास्तरांनी एवढी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं. आपल्यामागं ही मंडळी उभी राहणार होती, आपल्या मातीवर बोलणारं माणूस होतं, एक नाही, चार होती. याचं सुख व्हायला हवं होतं, आणि कुठंतरी खोल झालंही असेल, पण वर नुसता उमाळा आला. ते हापशाच्या ओट्यावर मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

"अवं, डोळ्यात पाणी न्हाई आणायचं," सखुबाई स्वतः रडत म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलंय."

कुणी त्यांना गप्प करायला आलं नाही. थोड्या वेळानं रूपाबाई म्हणाली, "मास्तर, तुमची मूठ राहिली हाय. टाकून या."

मनकर्णानं हात दिला, तो धरून मास्तर उठले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिनंच ढेकूळ फोडून मूठभर माती त्यांच्या हातात दिली. बाया दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. मास्तरांनी माती दगडोबावर सोडली. त्यांना काही म्हणायचं नव्हतं, म्हणायचं ते बायांनी म्हणून टाकलं होतं. मग बाया बाज उचलून घराकडं निघाल्या, तसे तेही निघाले, सगळ्यांच्या मागून, सखुबाईचा हात धरून.